धर्मशाळा बांधल्या अनोळखी माणसांसाठी, स्वतः झोपले उघड्यावर

अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीवर पूल आहे. २० डिसेंबर १९५६ च्या रात्री या पुलावर एका गाडीत गाडगेबाबांनी प्राण सोडला. वय ८० वर्षं. तब्येत ढासळलेली होती, त्यांना अमरावतीला आणत होते. अमरावती हाकेच्या अंतरावर राहिली. ना घर, ना मठ, ना गादी. पन्नास वर्षांहून जास्त काळ जो माणूस रस्त्यावर जगला तो रस्त्यातच गेला.

आपल्या जिल्ह्यात बाबांचं नाव नाही असं ठिकाण शोधावं लागेल. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, गाडगेनगर आहे, शाळा आहेत, चौक आहेत. फोटोत हातात खराटा, अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर. हा फोटो पाहून पाहून लहान पोरालाही पाठ झाला. पण बाबा लोकांना पोट धरून हसवायचे, हे आता फार कुणी सांगत नाही. गावात एक दिवस यायचे, गाव झाडायचे, रात्री गाव हसवायचे आणि सकाळी निघून जायचे. ज्यांच्यासाठी राबले त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा त्यांना माहीत नव्हती. आणि ज्या गोष्टींवर ते हसवायचे त्यातली एकेक गोष्ट त्यांच्या स्वतःच्या घरात रडवून गेलेली होती.

बापाची दारू, मामाची जमीन

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, आजचा अंजनगाव सुर्जी तालुका. समाज परीट. गावचे कपडे धुवायचे, बलुत्यावर जगायचं. बाप झिंगराजी, आई सखुबाई. घर खाऊनपिऊन बरं होतं, पण त्या काळी समाजात देवाच्या नावानं बकरं कापायचं आणि सोबत दारू प्यायची अशी रीत होती. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, दारू पाहिजेच. नाही पाजली तर जातीत नाव जायचं. झिंगराजी आधी रीत म्हणून प्यायले, मग सवय म्हणून. दारूनं शरीर गेलं, मग वावर गेलं, भांडी गेली. डेबू आठेक वर्षांचा असताना बाप मेला.

सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. दापुरे, तालुका मूर्तिजापूर, म्हणजे अकोला जिल्हा. इथं मामा चंद्रभानजी. मामाची शेती होती, ढोरं होती. डेबूकडे ढोरं राखायचं काम आलं. शाळेचा प्रश्नच नव्हता. सकाळी ढोरं घेऊन जायचं, नदीवर पाजायचं, संध्याकाळी परत आणायचं. सोबतीला गावातली बाकीची गुराखी पोरं. त्यांना जमवून भजन म्हणायचं, हे वेड तिथंच लागलं. दगडावर दगड वाजवून ताल धरायचा. गावच्या भजनात रात्री बसायचा, ऐकलेलं सगळं पाठ करायचा. लिहिता वाचता कधीच आलं नाही, पण डोक्यात अभंगांचा साठा एवढा की पुढं मोठमोठे शिकलेले लोक चाट पडायचे.

अंगानं धिप्पाड झाल्यावर डेबूजी वावरात उतरला. नांगर, वखर, तिफण, डवरा, सगळ्यात हात बसलेला. दापुऱ्यात त्याच्यासारखा शेतकरी नाही असं लोक म्हणायचे. १८९२ मध्ये कुंताबाईशी लग्न झालं. मामाच्या शेतीची भरभराट डेबूजीच्या मेहनतीवर चालली होती. हे सगळं असंच चाललं असतं तर महाराष्ट्राला गाडगेबाबा मिळाले नसते, दापुऱ्याला एक चांगला कास्तकार मिळाला असता, बस.

झालं असं की मामानं आणखी जमीन घेतली आणि व्यवहार सावकाराशी होता. मामा भोळा. पैसे देत गेला, पावती मागितली नाही. वाचता येत नव्हतं, मग कागद मागून करणार काय? सावकारानं दाखवला तिथं अंगठा लावला. देणं फिटलं असं मामा धरून बसला आणि वहीत मात्र व्याजावर व्याज चढत गेलं. डेबूजीनं मामाला हिशेब विचारला, पावत्या मागायला सांगितलं, पण घरातल्या मोठ्या माणसाला कोण शिकवणार? शेवटी एक दिवस कळलं की नवी जमीन तर गेलीच, जुनीही गेली. चंद्रभानजीनं हाय खाल्ली आणि तो त्यातच गेला.

वऱ्हाडात ही गोष्ट आजही कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कागद बदलले, अंगठ्याच्या जागी सही आली, पण रात्री झोप उडवणारं कर्ज तेच आहे.

सावकाराची माणसं वावराचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी वावरातच होता. पेरलेल्या, नांगरलेल्या जमिनीवरून हलायला तो तयार झाला नाही. एकटा उभा राहिला आणि आलेल्यांना माघारी पाठवलं. सावकाराला असा माणूस पहिल्यांदा भेटला होता, गावालाही. त्या दिवसानंतर पंचक्रोशीत डेबूजीचं नाव झालं. पण मामा परत आला नाही, आणि सगळी जमीनही परत आली नाही. एक अंगठा, एक न मागितलेली पावती आणि एक घर उठलं. बाबा पुढं पन्नास वर्षं गावोगाव माणसं जमवून शाळेत जा, हिशेब शिका, कर्ज काढू नका असं सांगत फिरले त्याचं मूळ दापुऱ्याच्या या वावरात आहे.

बारशाला लाडू

दारूचा हिशेब त्यांनी त्याआधी स्वतःच्या घरात चुकता केला होता. पहिली मुलगी झाली, तिचं बारसं. जातीची पंगत बसणार, मटण आणि दारू हवीच. डेबूजीनं गोडाचं जेवण केलं. बुंदीचे लाडू वाढले. जातीतले म्हातारे चिडले, रीत मोडली म्हणून बोलले. डेबूजी हात जोडून उभा राहिला, वाद घातला नाही आणि दारूही आणली नाही. लाडू खाऊन लोक घरी गेले. आजच्या काळात हे किरकोळ वाटेल. त्या काळात जातीबाहेर टाकण्याची भीती जिवंत होती आणि ज्याचा बाप त्याच रीतीनं मेला त्यानं ती रीत पोरीच्या पाळण्यापाशी मोडली.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजी घरातून निघून गेला. वय २८. मागं म्हातारी आई, बायको, लेकरं. अंगावर फाटकं, हातात काठी आणि मातीचं गाडगं. कुणाला सांगून गेला नाही.

बुद्धाच्या गृहत्यागाशी याची तुलना नेहमी होते. पण बुद्धाच्या मागं राजवाडा होता. डेबूजीच्या मागं कर्जातून उठलेलं एक शेतकरी घर होतं, त्याचा कर्ता माणूस निघून गेला होता. कुंताबाईनं पुढं काय काय सोसलं असेल ते बाबांच्या चरित्रांत थोडक्यात येतं आणि पुढं सरकतं. तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, एवढं तरी म्हटलंच पाहिजे.

नाव सांगायचं नाही, थांबायचं नाही

पुढची बारा वर्षं ते फिरत राहिले. पायी. कुठं जायचं ठरलेलं नाही. डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर टोपीसारखं, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, अंगावर वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या शिवलेलं पांघरूण. हातात गाडगं. त्यातच भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं. गावात शिरले की कुत्री भुंकायची, पोरं वेडा आला म्हणून मागं लागायची. बाबा पोरांबरोबर हसायचे.

नाव विचारलं तर सांगायचे नाहीत. मग ज्याला जे दिसलं ते नाव त्यानं ठेवलं. कुणी चिंधेबुवा म्हणालं, कुणी गोधडेबुवा, कुणी लोटके महाराज. गाडग्यावरून पडलेलं नाव टिकलं.

वाटेत कुणाची बैलगाडी चिखलात रुतली असेल तर खांदा लावायचे. म्हातारीच्या डोक्यावर मोळी असेल तर ती आपल्या डोक्यावर घ्यायचे. कुणाच्या वावरात सोंगणी चालू दिसली की विळा मागून कामाला लागायचे. शेतकऱ्याला वाटायचं मजूर आला. दुपारी भाकरी द्यावी, संध्याकाळी मजुरी द्यावी म्हणून तो पाहायला जायचा तर माणूस गायब. चांगला हात असलेला मजूर पैसे न घेता निघून जातो, हे शेतकऱ्याला पटणारं नाही. असे किस्से वऱ्हाडापासून कोकणापर्यंत सांगितले जातात. त्यातले सगळे खरे असतीलच असं नाही, पण आभार ऐकायला ते थांबत नव्हते हे सगळ्याच किश्श्यांत सारखं आहे.

गावात पोचले की पहिलं काम खराटा. देवळासमोरची जागा, पाणवठा, गल्ली, जिथं घाण दिसेल तिथं. कुणाला हुकूम नाही, भाषण नाही. एक फाटका माणूस आपल्या दारातली घाण काढतोय हे पाहून घरातला माणूस ओशाळायचा आणि दुसरा खराटा घेऊन बाहेर यायचा. दुपारपर्यंत निम्मं गाव झाडायला लागलेलं असायचं. मग बाबा रात्री कीर्तन आहे म्हणून सांगायचे. कीर्तन कुणाचं ते सांगायचे नाहीत. लोक जमले की झाडणारा वेडाच उभा राहायचा.

ऋणमोचन हे भातकुली तालुक्यातलं पूर्णेकाठचं गाव. पौष महिन्यात रविवारी तिथं यात्रा भरते. नदीवर उतरायला धड जागा नव्हती, म्हातारी माणसं, बायका चिखलातून घसरत जायच्या. बाबा तिथं यात्रेकरूंना हात द्यायचे, घाण काढायचे. १९०८ मध्ये लोकांच्या वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून तिथं घाट झाला. घर सोडल्यावर घरच्यांना ते दिसले तेही या यात्रेच्या गर्दीत. आईनं, कुंताबाईनं घरी चला म्हणून विनवलं. बाबा परतले नाहीत. पुढं याच ऋणमोचनला आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना जेवण आणि कपडे वाटायचं काम वर्षानुवर्षं चाललं. पंगतीत बाबा वाढायला असायचे, खायला नसायचे. सगळे जेवून गेले की कुणाच्या तरी घरून मागून आणलेली भाकरी चटणीसोबत खायचे. अन्नदानातला घास त्यांना चालत नसे.

हसवता हसवता

बाबांचं कीर्तन ज्यानं ऐकलं तो माणूस म्हातारपणापर्यंत ते सांगत राहायचा. वीणा नाही, पेटी नाही, पगडी-उपरणं नाही. भाषा वऱ्हाडी, वावरात बोलतो तीच. सुरुवातीला गोपाळाच्या नावाचा गजर, हजारो लोकांच्या टाळ्या एका तालात. टाळ्या जमल्या की मग प्रश्न.

प्रश्न विचारायची त्यांची पद्धत अशी की उत्तर लोकांनीच द्यायचं. देव किती आहेत? लोक म्हणायचे एक. मग तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. भैरोबा आहे का? आहे. मरीआई? आहे. मग आता किती झाले? पुढची पोरं आधी हसायची, मग बायका, मग पाटील. देवाला आंघोळ कोण घालतं, धोतर कोण नेसवतं, नैवेद्यावर कुत्रं आलं तर देव हाकलतो की तुम्ही हाकलता? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लोकांच्याच तोंडून निघायचं आणि हसू फुटायचं. रागावायला जागाच नसायची, कारण बोललेले ते स्वतः होते.

अशी पाच-दहा हजार माणसं हसून मोकळी झाली की बाबा हळूच कर्जावर यायचे. लग्नात किती खर्च केला? बँड लावला, जेवणावळ घातली, पैसे कुठून आणले? सावकाराकडून. मग वावर कुणाचं झालं? इथं हसू थोडं कमी व्हायचं. बाबा पुढं विचारायचे, कागदावर काय लिहिलं होतं, वाचलं का? आणि कीर्तनात एकदम शांतता व्हायची. समोर बसलेल्या शेकडो लोकांच्या घरात तोच कागद होता. मामा चंद्रभानजीचं नाव ते घेवोत न घेवोत, बोलणं त्याचंच होतं.

मग दारू. मग बकरं कापणं. मग शिवाशीव. मग शाळा. जेवायला ताट नसेल तर हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पाहुण्याला साधं जेवण घाला, पण पोराला शाळेत पाठवल्याशिवाय राहू नका, हे सांगणं प्रत्येक कीर्तनात. एकाच गोष्टीला ते वीस वेळा वेगवेगळ्या अंगानं फिरवायचे. लोक कंटाळत नव्हते.

कीर्तन संपायची वेळ आली की त्यांचं वेगळंच चालायचं. लोक पाया पडायला धावतील हे त्यांना माहीत असायचं. पाया पडणं त्यांना अजिबात खपत नसे. कुणी वाकलं तर काठी उगारायचे. म्हणून गजर चालू असतानाच ते गर्दीतून सटकायचे. लोक डोळे मिटून टाळ्या वाजवतायत आणि डोळे उघडून पाहतात तर बाबा नाहीत. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. देवळात जाणं त्यांनी टाळलं. पंढरपूरला दर वारीला जायचे, पण वाळवंट झाडायला, यात्रेकरूंची सोय पाहायला. विठोबाच्या दर्शनाच्या रांगेत ते नसायचे.

वाटसरूला छप्पर

आता धर्मशाळा. हा विषय लोकांना साधा वाटतो, पण त्या काळी यात्रेला जाणारा गरीब माणूस झोपायचा कुठं, हा विचार करून पाहा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, त्र्यंबकेश्वर. पैसेवाल्यांची सोय बडव्यांकडे, भटजींकडे. गरीब वाळवंटात, पावसात. त्यातही महार-मांगांना तर कुणी दारातही उभं करत नव्हतं. पोरंबाळं घेऊन आलेली माणसं उघड्यावर भिजायची आणि पटकी आली की मरायची.

बाबांनी १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली. ज्यांना कुठंच जागा नाही त्यांच्यासाठी पहिली. पुढं पंढरपूरलाच मराठा धर्मशाळा, मग नाशिक, आळंदी, देहू. १९२५ मध्ये मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि शाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयात गावाकडून पेशंट यायचे आणि सोबतची माणसं फुटपाथवर पडून राहायची. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये तिथं धर्मशाळा झाली. कॅन्सर, टीबी झालेला माणूस घेऊन मुंबईला गेलेल्या खेड्यातल्या माणसाला विचारा, त्या शहरात रात्री पाठ टेकायला मिळालेल्या चार फूट जागेची किंमत काय असते.

या सगळ्याला पैसा लोकांचा. गिरणी कामगारांपासून शेठजींपर्यंत. बाबा पैशाला हात लावत नसत. देणाऱ्यानं विश्वस्ताकडे द्यायचा, पावती घ्यायची. पावतीचा आग्रह पक्का. मामानं जी मागितली नव्हती ती पावती बाबांनी नंतर कुणालाच विसरू दिली नाही.

इमारतींच्या कागदांत त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवायला लावली. आपल्या नातेवाइकांचा यात काही हक्क नाही. कुंताबाई आणि मुली झोपडीत राहत होत्या, धर्मशाळेत नाही. बाबा स्वतः बाहेर, झाडाखाली, ओट्यावर, जिथं मिळेल तिथं. लाखांच्या इमारती उभ्या करणाऱ्याची बायको झोपडीत राहते, हे कुंताबाईला कसं वाटत असेल? त्यागाची गोष्ट सांगताना लोक बाबांचा त्याग मोजतात. तिचा तिला न विचारता झाला होता.

मुलगा गोविंदा १९२३ मध्ये गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते आणि कीर्तन चालू होतं. तिथं बातमी पोचली. बाबांनी ऐकली आणि कीर्तन पुढं चालू ठेवलं. समोर बसलेल्यांपैकी कुणी त्यांच्या नात्याचं नव्हतं, गावचं नव्हतं. हा प्रसंग प्रत्येक चरित्रात येतो. कुणाला तो थोर वाटतो, कुणाला कठोर. दोन्ही वाटणं चुकीचं नाही.

शिकलेल्यांचा न शिकलेला मित्र

बाबा स्वतः अडाणी, पण शिकलेली मोठी माणसं त्यांच्याभोवती जमली. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला त्यांनी लागेल ती मदत केली, म्हणून कराडला १९५४ मध्ये निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराज यांचं नाव मिळालं. आपल्याच जिल्ह्यातले मोझरीचे तुकडोजी महाराज त्यांना फार मानायचे. ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशन स्थापन झालं आणि धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं त्याच्याखाली आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी त्यांचं नातं वेगळं होतं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, तिथं गरीब पोरांचं वसतिगृह व्हावं म्हणून. १९४९ मध्ये बाबा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री. कळलं तसे दोन घोंगड्या घेऊन भेटायला गेले. बाबा कुणाकडून काही घेत नसत, त्या दोन घोंगड्या मात्र त्यांनी घेतल्या.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. ती बातमी बाबांना फार लागली असं त्यांच्या सोबतचे लोक सांगत. चौदा दिवसांनी पेढीच्या पुलावर बाबा गेले. अंत्यविधी अमरावतीला झाला, तिथंच आता गाडगेनगरात समाधी आहे. दर डिसेंबरात तिथं यात्रा भरते. ज्यानं पाया पडू दिलं नाही त्याच्या समाधीवर डोकं टेकायला रांग लागते. रांगेत उभी राहिलेली म्हातारी माणसं याला काही उत्तर देत नाहीत, हसतात फक्त.

सरकारनं २० डिसेंबर १९९८ ला त्यांचं टपाल तिकीट काढलं. २०००-०१ पासून त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. पहिल्या काही वर्षांत गावंच्या गावं खराटे घेऊन बाहेर पडली, बक्षीसं मिळाली, बोर्ड लागले. तपासणीची गाडी येऊन गेली की कुठंकुठं खराटा पुन्हा कोपऱ्यात गेला, हेही सगळ्यांनी पाहिलं.

बाबांचं एक कीर्तन मात्र अजून ऐकायला मिळतं. ८ नोव्हेंबर १९५६, मुंबईत बांद्रा, पोलिसांच्या वस्तीत. ते टेप करून ठेवलं होतं, म्हणून वाचलं. मोबाइलवर सहज सापडतं. आवाज थकलेला आहे, घोगरा आहे, पण प्रश्न तेच. देवळातला देव, नैवेद्यावरचं कुत्रं, शाळेत न गेलेली पोरं. बाबासाहेबांच्या बापाला पोराला शाळेत घालायची बुद्धी झाली म्हणून देशाची घटना लिहिली गेली, हेही त्यात सांगितलं आहे. सहा आठवड्यांनी सांगणारा आणि ज्यांच्याबद्दल सांगितलं ते, दोघेही नव्हते. समोर बसलेले पोलीस, त्यांच्या बायका, आजूबाजूचे कामगार, यातल्या कुणालाही बाबा नावानं ओळखत नसणार. पण प्रश्न आला की त्यांची उत्तरं टेपमध्ये एका सुरात ऐकू येतात, आणि बाबा लगेच पुढचा प्रश्न टाकतात.